सराई, धर्मशाळा आणि लॉज



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी "स्वस्त लॉजचा इतिहास" असे सांगितले. त्यांना ती थट्टा वाटली आणि त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. शाळा नववीत सुटली. पुढचे जे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि औरंगपुऱ्यातील वाचनालयात. पण कोर्टाच्या तारखा, कामगार आयुक्तांकडील बैठका आणि मोर्चे यांच्या निमित्ताने गेली तीस वर्षे मी मुंबई, नागपूर, पुणे, सोलापूर अशा गावांतून स्वस्तातल्या लॉजमध्ये रात्री काढल्या आहेत. ज्या खोलीला खिडकी नाही त्या खोलीत माणसाला विचार करण्यास पुष्कळ वेळ मिळतो. तिथे माझ्या मनात एक प्रश्न येत गेला: रात्रीच्या मुक्कामाला दारात आलेल्या परक्या माणसाला गाव काय विचारते? तो प्रश्न प्रत्येक काळात बदलत आला आहे, आणि त्या बदलाचा इतिहास लिहिण्याजोगा आहे, असे मला वाटते. आपल्या गावापुरता तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

नावासंबंधी एक खुलासा करतो. या शहराचे नाव २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या काळाविषयी बोलताना त्या त्या काळी चालू असलेले नाव मी वापरणार आहे.

हे गावच मुळी बाहेरून आलेल्या माणसांचे. १६१० साली खडकी येथे राजधानी वसविणारा मलिक अंबर हा हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. त्याने भडकल दरवाजा बांधला आणि डोंगरातले पाणी नहरीने गावात आणले. त्याच्या मृत्यूनंतर १६२६ मध्ये मुलाने, फत्तेखानाने, गावाचे फतेहनगर केले. १६५३ मध्ये दक्षिणेचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने त्याला औरंगाबाद हे नाव दिले. राजधानी आली की फौज येते, आणि फौजेमागून व्यापारी, कारागीर, हमाल, फकीर, नोकरी शोधणारे येतात. त्यांना रात्री पाठ टेकण्यास जागा हवी असते.

उत्तरेकडून येणारी वाट बऱ्हाणपुरावरून येई. अजिंठ्याच्या घाटाखाली फर्दापूर आणि घाट चढून आल्यावर अजिंठा गाव, या दोन्ही ठिकाणी जुन्या सराया आजही पाहावयास मिळतात. आपण लेण्यांना जाताना त्यांच्या जवळून जातो, थांबत नाही. सराईची रचना साधी असे. चौकोनी उंच तट, मोठा दरवाजा, आत मोकळे पटांगण, चारी बाजूंना ओळीने कोठड्या, पाण्याची सोय आणि नमाजाची जागा. अंथरूण प्रवाशाने आपले आणावयाचे. सूर्य मावळला की दरवाजा बंद होई आणि उजाडल्यावर उघडे. घाटाच्या दोन्ही टोकांना सराई का, हे बैल घेऊन घाट चढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

सराईच्या दारात मुख्य काळजी चोराची. आतला माणूस रात्रीपुरता सुरक्षित आहे ना, एवढे पाहिले जाई. तरीही ती सर्वांना सारखीच होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सोळाव्या शतकात शेरशहाने उत्तरेत दर दोन कोसांवर सराया बांधल्या. अब्बासखान सरवानी याने त्यांची जी हकीकत लिहिली आहे, तीत हिंदू आणि मुसलमान यांच्या उतरण्याची सोय वेगवेगळी आहे आणि हिंदूंच्या दिमतीला ब्राह्मण नेमलेले आहेत. दोघांचीही सोय पाहिली गेली, ही त्या काळाच्या मानाने मोठी गोष्ट होती. पण गावकुसाबाहेरचा माणूस या दोहोंपैकी कोणत्या दारात उभा राहिला असेल, याचा विचार ती हकीकत वाचताना आपणच करावा लागतो.

आपल्या शहरात या काळाची एक चांगली आठवण उरली आहे, ती पाणचक्कीची. तिथल्या तकियातील साधूचे नावच बाबा शाह मुसाफिर. बुखाऱ्याकडून निघालेला हा माणूस औरंगाबादेस येऊन राहिला. त्याचा तकिया म्हणजे मध्य आशियातून इकडे आलेल्या फकिरांचे आणि शिपायांचे उतरण्याचे ठिकाण. त्यांच्या आठवणींचा फारसी ग्रंथ सायमन डिग्बी यांनी इंग्रजीत आणला आहे. तो वाचताना बादशाहीचा थाट कमी दिसतो आणि नोकरीच्या शोधात आलेला, खिशात फारसे काही नसलेला माणूस जास्त दिसतो. १७४४ मध्ये तिथे पाण्याच्या जोरावर फिरणारे जाते बसविले गेले. त्याचे पीठ तकियात राहणाऱ्या व येणाऱ्या माणसांच्या भाकरीसाठी होते. आज सहलीला आलेली मुले हौदातले मासे पाहतात. ती चक्की वाटसरूंच्या स्वयंपाकघराचा भाग होती, हे त्यांना कुणी सांगत नाही.

सराई ही राजमार्गावरची संस्था. धर्मशाळा ही पुण्याची संस्था. पैठणला नाथषष्ठी, वेरूळला घृष्णेश्वर, आणि पंढरीची वाट तर सगळ्या मराठवाड्यातून जाते. घृष्णेश्वराचे देऊळ अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी पुन्हा बांधले, आणि देशभर घाट व धर्मशाळा बांधल्या म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. धर्मशाळेने पैसा मागितला नाही, हा तिचा मोठेपणा. ज्याच्या कनवटीला दमडी नाही त्यालाही तिथे पथारी पसरता येई. पण पैसा न मागणारी धर्मशाळा दारात दुसरे काही विचारी. ती जात विचारी. खेड्यातही तोच प्रकार. वाटसरू मारुतीच्या देवळात किंवा चावडीवर निजे. महार वाटसरूने महारवाडा गाठावा. गावी आलेल्या सरकारी माणसाला वाट दाखविणे, त्याचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोचविणे हे महाराचे वतनी काम होते. दुसऱ्याला मुक्कामापर्यंत नेणारा माणूस तो, आणि त्याच मुक्कामाच्या ओसरीवर त्याला बसता येत नव्हते.

पंढरपुरात हे फार टोचे, कारण तिथे लोक समतेचे अभंग म्हणत येत. गाडगेबाबांनी यावर व्याख्यान दिले नाही. त्यांनी बांधकाम काढले. ज्यांना इतरत्र दार बंद होते त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. १९४९ मध्ये बाबांनी ती डॉक्टर आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. याच सोसायटीने पुढच्या वर्षी औरंगाबादेत महाविद्यालय काढले. त्याकडे मी पुन्हा येणार आहे.

१९०० साली निजामाची हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे औरंगाबादेतून धावू लागली आणि मनमाडशी, म्हणजे मुंबईशी, गाव जोडले गेले. मीटरमापी छोटी गाडी ती, पण तिने मोठे काम केले. तिकिटाच्या खिडकीवर फक्त पैसे विचारले जात. बाकावर कोण कुणाशेजारी बसला याचा हिशेब ठेवणे अवघड झाले. साहेबमंडळी आणि श्रीमंत प्रवासी लेणी पाहण्यास येऊ लागले, त्यांच्यासाठी हॉटेल आणि अतिथिगृहे झाली. गरीब प्रवाशासाठी धर्मशाळा आणि मुसाफिरखाना होता. पण आगगाडीने पैशाचा प्रश्न फलाटापर्यंतच आणला. स्टेशनाबाहेर पाऊल टाकले की जुनाच प्रश्न उभा.

याचा सर्वांत खरा पुरावा एका बॅरिस्टराने लिहून ठेवला आहे. 'वेटिंग फॉर ए व्हिसा' ही डॉक्टर आंबेडकरांची छोटी आत्मकथने १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने पुस्तिकारूपाने छापली. १९१७ साली कोलंबिया आणि लंडन येथील शिक्षण घेऊन ते बडोद्याच्या नोकरीवर गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ते एका पारशी धर्मशाळेत गेले. सांभाळणाऱ्याने पाहिले की हा पारशी नव्हे. जागा रिकामी होती, पैशाची त्यालाही गरज होती. तेव्हा तोड निघाली: रजिस्टरात पारशी नाव लिहावयाचे आणि रोजचा दीड रुपया द्यावयाचा. वरच्या मजल्यावर एकट्याने, कंदिलाच्या उजेडात, मोडक्या सामानाच्या दालनाशेजारी त्यांनी रात्री काढल्या. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड म्हणाले. दिवसभर दुसरी जागा मिळाली नाही. अखेर ते सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले.

मी लॉजच्या काउंटरवर रजिस्टर पुढे ओढतो तेव्हा हा प्रसंग मला दर वेळी आठवतो. पैसे होते, खोली रिकामी होती, विद्या तर एवढी की त्या गावात क्वचितच कुणापाशी असेल. अडले ते एका रकान्यापाशी.

त्याच पुस्तिकेतील दुसरा प्रसंग आपल्या दाराशी घडलेला आहे. १९३४ साली सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते वेरूळची लेणी पाहण्यास निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला. रमजानचा महिना होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराबाहेरच्या हौदात हातपाय धुतले, तोच एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की यांनी पाणी बाटविले. जमाव जमला. शेवटी आत पाण्याला हात लावणार नाही या बोलीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, त्यांना किल्ला पाहू दिला. हिंदूंकडून होणारा अपमान पारशांच्या आणि मुसलमानांच्या दारातही चुकला नाही, हे या दोन प्रसंगांवरून ध्यानात येते. रोग एका घरचा असला तरी लागण साऱ्या आळीला झाली होती.

हे आपल्याच देशात होते असे समजून कुणी मान खाली घालण्याचे कारण नाही, आणि दुसरीकडेही होते म्हणून मान वर करण्याचेही नाही. १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर ग्रीन या टपालखात्यातील काळ्या नोकराने एक मार्गदर्शिका काढली. काळ्या प्रवाशाला कोणते हॉटेल, कोणती खानावळ, कोणाचे घर रात्रीपुरते उघडे आहे याची ती यादी. सुमारे तीस वर्षे ती निघत राहिली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने तिकडे हॉटेलांची दारे कायद्याने उघडली.

आपल्याकडे हे काम राज्यघटनेने २६ जानेवारी १९५० रोजी केले. पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांची नावे घालून, धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही अटकाव करता येणार नाही असे म्हटले आहे. त्याच अनुच्छेदात विहिरी आणि तळीही आहेत. दौलताबादचा हौद पाहिलेल्या माणसाने मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविले होते, हे विसरून चालणार नाही. पुढे १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आला. त्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना हे तिन्ही शब्द जसेच्या तसे आहेत. मी कायद्याची पुस्तके पोटासाठी वाचतो, पण ते कलम वाचताना मला इतिहास वाचल्यासारखे वाटले. फर्दापूरपासून पंढरपूरपर्यंतची सगळी बंद दारे एका वाक्यात नोंदलेली आहेत.

कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी खोली देत नाही. म्हणून १९५० साली निघालेले मिलिंद महाविद्यालय आणि त्याची वसतिगृहे यांना मी मुक्कामाच्या इतिहासातच घालतो. खेड्यातून वळकटी घेऊन आलेल्या पोराला गावात भाड्याची खोली कोण देणार? नागसेनवनात त्याला खाट मिळाली, दिवा मिळाला. मराठवाड्यातील कितीतरी घरांत पहिला पदवीधर त्या खाटेमुळे झाला.

आता आपल्या काळाकडे येतो. १९५६ मध्ये घाटीचे वैद्यकीय महाविद्यालय, १९५८ मध्ये विद्यापीठ, पुढे चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहती, १९८१ मध्ये उच्च न्यायालयाचे खंडपीठ. या प्रत्येक संस्थेने बाहेरगावचा माणूस शहरात आणला. स्टेशनरोड, बसस्थानकाचा परिसर, पैठणगेट, शहागंज या भागांतल्या लॉजमध्ये उतरलेली माणसे पाहा. जमिनीच्या खटल्याची तारीख असलेला शेतकरी. घाटीत रुग्ण ठेवून आलेला भाऊ. औषधकंपनीचा फिरता विक्रेता. भरतीच्या परीक्षेला आलेली चार पोरे, त्यांतल्या दोघांचीच रजिस्टरात नोंद. लेणी पाहण्यास आलेला, पाठीवर पोतडी घेतलेला परदेशी विद्यार्थी. शहर म्हणजे काय हे मला गुलमंडीपेक्षा लॉजच्या जिन्यावर जास्त कळले.

मी १९८८ साली एकोणीस वर्षांचा असताना कारखान्यात लागलो, तेव्हा लॉजही परवडत नव्हता. "कॉट बेसिस" हा शब्द तेव्हा शिकलो. एका खोलीत सहा खाटा आणि माणसे बारा. पहिल्या पाळीचा उठे, तिसऱ्या पाळीचा येऊन त्याच गादीवर पडे. गादी थंड होत नसे. पुढे वाचनात आले की लंडनमध्ये १८९२ साली लॉर्ड राउटन यांनी व्हॉक्सहॉलला कामगारांसाठी घर बांधले; रात्रीला सहा पेन्स, आणि प्रत्येकाला आडोसा असलेली स्वतंत्र जागा. १९७९ मध्ये जपानातील ओसाका शहरात तर माणूस जेमतेम मावेल एवढ्या पेटीसारख्या खोल्यांचे हॉटेल निघाले. त्या पेटीची लोक चेष्टा करतात. मी करत नाही. पेटी का होईना, रात्रभर ती एकाच माणसाची असते.

लॉजमध्ये आणखी एक माणूस राहतो, त्याचे नाव कोणत्याच रजिस्टरात नसते. तो म्हणजे पाण्याचा जग आणणारा पोऱ्या. आमच्या उमेदवारीच्या काळात हा पोऱ्या दहा-बारा वर्षांचा असे आणि जिन्याखाली पोत्यावर निजे. इतरांच्या तीस गाद्या घालून त्याला एक गादी नसे. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात निवासी हॉटेले होती. कामाचे तास आणि साप्ताहिक सुटी लिहिलेली होती. कागदावर सगळे होते. हॉटेले आणि ढाब्यांवर बालकांना ठेवण्यास बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. ती आल्यावर पोऱ्या बराच कमी झाला, हे कबूल केले पाहिजे. पण २०१७ च्या राज्याच्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची आस्थापने बहुतेक तरतुदींतून वगळली. आता लहान लॉजमधली माणसे मोजा. मॅनेजर, दोन वेटर, एक झाडूवाली, एक रात्रीचा पहारेकरी. संख्या पाच. त्यांची बाजू घेऊन मी गेलो की कायदा मला बोटे मोजून दाखवितो.

आणि दारातला प्रश्न? जात कुणी उघड विचारीत नाही. त्याऐवजी कागद विचारतात. कोण उतरले याची नोंद असावी, हे मला मान्य आहे. सुरक्षिततेसाठी सराईचाही दरवाजा बंद होत होता. पण कागद पाहून झाल्यावर जे घडते त्याविषयी मला सांगावयाचे आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या संघटनेतील एक अंगणवाडी सेविका खंडपीठातील तारखेसाठी रात्रीच्या एसटीने एकटीच आली. तिच्याजवळ पैसे होते, ओळखपत्र होते. तीन लॉजवर तिला एकच उत्तर मिळाले, "एकट्या बाईला खोली देत नाही." ती रात्रभर बसस्थानकाच्या बाकावर बसली आणि सकाळी पिशवीसह कोर्टात हजर झाली. मी रागावलो, मला फोन का केला नाहीस म्हणून. ती म्हणाली, "दादा, उतरायला पैसे आणले होते की. दुसऱ्याच्या घरी कशाला जाऊ?" तारीख पुढे गेली. पुढच्या वेळी मी स्वतः तिच्यासाठी खोली मागावयास गेलो. मॅनेजरने विचारले, "तुमचे नाते काय?" मी म्हटले, "युनियनचे." रजिस्टरात त्याला रकाना नव्हता. शेवटी तिला आमच्या घरीच नेले.

त्या मॅनेजरला मी दुष्ट मानत नाही. पोलिसांचा ससेमिरा, मालकाची ताकीद आणि शेजाऱ्यांची बोलणी यांत सापडलेला तोही पगारी नोकरच. पण बडोद्याचा तो सांभाळणाराही दुष्ट नव्हता. खोली रिकामी असते, पैसे समोर असतात, आणि तरी माणूस बाकावर रात्र काढतो. घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात जातीच्या शेजारीच लिंग हा शब्द आहे. जातीसाठी पाच वर्षांत कायदा झाला. या दुसऱ्या शब्दाकडे काउंटरवर अजून कुणी बोट दाखवत नाही. आडनाव वाचून एकाएकी "खोली शिल्लक नाही" असे ऐकलेली माणसेही या सभेत असतील. त्यांनी शेजाऱ्याला ते सांगावे.

मग आपण काय करावे? मागण्या लहान आहेत. ब्रिटिश मुलखातील १८६७ च्या सराई कायद्याने प्रत्येक सराईत भाड्याचा फलक लावणे बंधनकारक केले होते. तसाच फलक प्रत्येक लॉजच्या दारात असावा, आणि त्याखाली एक ओळ वाढवावी: ओळखपत्र दाखविणाऱ्या कोणत्याही स्त्रीपुरुषाला खोली नाकारली जाणार नाही. खंडपीठ आणि घाटी यांच्याजवळ बाहेरगावच्या बायांसाठी रात्रीच्या मुक्कामाची सार्वजनिक सोय असावी. ज्या संस्थेमुळे माणूस गावात येतो, त्या संस्थेच्या विचारात त्याची रात्रही असली पाहिजे. १८ जुलै २०२२ रोजी सरकारने हजार रुपयांपर्यंतच्या खोलीची करमाफी काढून घेतली आणि १२ टक्के कर बसविला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आला. गरिबाच्या खोलीवर कर बसविण्याएवढे सरकारचे तिच्याकडे लक्ष असेल, तर तिच्या दाराकडेही असावे. आणि लॉजमधल्या पाच माणसांना साप्ताहिक सुटी व निजण्यास खाट मिळावी, मग त्यांची संख्या कितीही असो.

गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या परदेशी माणसाने ज्या गावाची राजधानी केली आणि एका मुसाफिराच्या नावाने ज्या गावात चक्की फिरली, त्या गावाला हे जड जाऊ नये. आज घरी जाताना बसस्थानकावरून जाल, तर बाकांकडे एकदा पाहा. तिथे बसलेल्या प्रत्येकाची गाडी यावयाची असते असे नाही.